सहावा मुद्दा

गेल्या हिवाळ्यात भोपाळमधल्या होशंगाबाद रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मला बोलायला बोलावलं होतं. विषय नेहमीचाच होता: कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यातली खरी कामं. या विषयावर मी इतक्यांदा बोललो आहे की आता तयारी करत नाही. एक जुनी वही तेवढी सोबत नेतो. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत असताना, मी स्वतः कॉम्प्युटरचा विद्यार्थी असताना केलेल्या प्रोजेक्टची ती वही आहे. ती हातात धरून एक गोष्ट सांगायची, आणि मग मुलांना दोन शहाणपणाचे शब्द सांगायचे, असा माझा क्रम.

गोष्ट अशी. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये क्वार्टर वाटपाचं काम एक कारकून रजिस्टरवर करायचा. रजिस्टरच्या समासात पेन्सिलीने बारीक नोंदी असायच्या. मी त्या नोंदी वगळून कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहिला. यादी लागली आणि गोंधळ झाला. मग मी त्या कारकुनाकडे गेलो, त्याने एकेका नोंदीचं कारण सांगितलं, मी ते वहीत उतरवून घेतलं, आणि मला कळलं की खरी सिस्टीम समासात होती. ही गोष्ट मी पुण्यात सांगितली, बंगलोरला सांगितली, दोनदा परदेशात इंग्रजीतून सांगितली. सगळीकडे टाळ्या मिळाल्या.

त्या दिवशी वही मुलांमध्ये फिरत होती. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी ती बराच वेळ चाळत होती. मग तिने हात वर केला.

"सर, एक बात पूछूँ? इसमें हर पन्ने पर नवंबर की तारीख है। और आपने कहा लिस्ट फरवरी में लगी थी।"

"हाँ, फरवरी में।"

"तो वजहें तो आपने पहले ही लिख ली थीं, सर।"

शेजारी बसलेले विभागप्रमुख हसले. "बेटा, सर की उमर का तो लिहाज करो। तारीख-वारीख छोड़ो।"

मी म्हणालो, नंतर उतरवताना जुनी तारीख पडली असेल. ती "जी सर" म्हणाली आणि तिने वही पुढच्या मुलाकडे दिली. तो "जी सर" मला चांगला ओळखता येतो. साहेबाचं म्हणणं पटलेलं नसलं की हाताखालची माणसं तसं म्हणतात. चौतीस वर्षांत मी तो शेकडो वेळा ऐकला आणि दरवेळी त्या माणसाला बाजूला घेऊन विचारलं, की बाबा, तुला काय दिसतंय ते सांग. त्या मुलीला मात्र मी बाजूला घेतलं नाही. तिला जे दिसलं ते खरं होतं. वहीतल्या तारखा बरोबर आहेत. गोष्टच खोटी आहे.

खरं काय ते आता लिहितो.

माझे वडील नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात आले ते ड्रॉइंग ऑफिसमध्ये. मी टाउनशिपमध्येच वाढलो. टाउनशिपमध्ये माणसाची ओळख क्वार्टरच्या टाइपवरून, म्हणजे घर लहान की मोठं यावरून व्हायची. कोणाच्या मुलीचं स्थळ आलं तरी बायका आधी विचारायच्या, "कोणत्या टाइपमध्ये राहतात?" वरच्या टाइपचं घर मिळायला नोकरीची वर्षं, ग्रेड आणि अर्जाची तारीख एवढं बघितलं जायचं. वर्षातून दोनदा यादी लागायची आणि त्यानंतर पंधरा दिवस सगळीकडे एकच चर्चा चालायची, की अमक्याला कसं मिळालं आणि आम्हाला का नाही. "सिफारिश चलती है" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो.

इंजिनिअरिंग कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स नुकता सुरू झाला होता. आमची दुसरी बॅच. कॉम्प्युटर कॉलेजात नव्हताच. तो कारखान्यात होता, एका थंड खोलीत, आणि आम्हाला आठवड्यातून एक दुपार मिळायची. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, पंचिंगला द्यायचा, दोन दिवसांनी भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा परत यायचा. एक स्वल्पविराम राहिला तरी आठवडा गेला. त्यामुळे आम्ही प्रोग्रॅम लिहिण्याआधी डोक्यात चालवून बघायला शिकलो. वर्गात हे माझ्याइतकं कोणाला जमत नव्हतं. बाकीच्यांचे प्रोग्रॅम तीन-चार खेपांत चालायचे, माझा बहुतेक वेळा पहिल्याच खेपेत. हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही. माझं काम चांगलं होतं, आणि पुढेही ते चांगलंच राहिलं.

सिस्टीमचा अभ्यास कसा करायचा हा एक विषय आम्हाला होता. शिकवणारे सर म्हणायचे, "कागज पर जो है, वही सिस्टम है। बाकी गप।" आम्ही ते वहीत लिहून घेतलं होतं.

शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट करायचा होता. मी क्वार्टर वाटप निवडलं. कारखान्याच्या साहेबांना कल्पना आवडली. कॉम्प्युटरने यादी काढली की सिफारिशीची तक्रार संपेल, असं त्यांना वाटलं. मला नगर प्रशासनाच्या ऑफिसात जाऊन रजिस्टर बघायची परवानगी मिळाली.

ते रजिस्टर ज्यांच्याकडे होतं त्यांना मी आधीपासून काका म्हणायचो. आमच्या मागच्या ओळीत राहायचे, तेही नागपूरकडचे. बुटके, कायम बाह्या दुमडलेल्या, सायकलवर. कारकुनाची नोकरी, पण बाहेर फिरणं पोस्टमनसारखं. त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून मी नऊ दुपारी बसलो.

पहिल्या दुपारी मी रजिस्टरातले रकाने उतरवून घेतले आणि समासाशी अडलो. कोणाच्या नावापुढे पेन्सिलीने "खाली" लिहिलेलं, कोणापुढे "मेनंतर", कोणापुढे "दूर", कोणापुढे "मैदान नको".

"काका, हे काय आहे?"

"हे होय? हे माणसं आहेत."

"म्हणजे?"

"हा बघ. याची आई लकव्यानं पडून आहे. याला वरचा मजला दिला तर म्हातारी पुन्हा ऊन पाहणार नाही. म्हणून खाली. हा दुसरा, याच्या पोरीची मॅट्रिक आहे. घर मिळालं तरी चावी मेनंतर द्यायची. आणि हे दोघं सख्खे साडू."

"मग?"

"मग दूर."

मी हसलो. तेही हसले. "हसू नको. एकदा शेजारी दिले होते. पाण्याच्या नळावरून डोकी फुटली. सिक्युरिटी बोलवावी लागली."

"आणि मैदान नको?"

"भट्टीवर रात्रपाळी करतो तो. दिवसा झोपतो. शाळेच्या मैदानासमोर घर दिलं तर झोपंल कसा?"

"पण हे शाईने का नाही लिहीत?"

काकांनी पेन्सिल कानामागे खोवली. "शाईनं लिहिलं तर खोडता येत नाही, बाबू. आजारी माणूस कायम आजारी राहत नाही. बरा होतो, नाहीतर जातो. पोरगी मॅट्रिक होऊन जाते. साडूंची सुद्धा गोडी होते एखाद्या लग्नात. दर सहा महिन्यांनी मी घरोघर जाऊन बघतो अन् खोडतो."

सिफारिशीने आलेली एकही नोंद त्यात नव्हती. मी मुद्दाम शोधली होती. साहेबांच्या ड्रायव्हरच्या नावापुढे काहीतरी असेल असं मला वाटत होतं. तिथे समास कोरा होता. शिवाय काका यादीतला क्रम कधी हलवत नसत. ज्याची पाळी त्यालाच घर मिळायचं. त्या वेळी रिकाम्या असलेल्या घरांपैकी कोणतं द्यायचं, एवढंच पेन्सिल ठरवायची.

एकूण सत्तेचाळीस नोंदी होत्या. काकांनी प्रत्येकीचं कारण सांगितलं, मी प्रत्येक कारण वहीत लिहिलं, तारखेसकट. एका नोंदीशी ते थांबले, माझ्याकडे न बघता पान उलटलं आणि म्हणाले, "ही तुला माहीतच आहे." ती माझ्या वडिलांची होती. "खाली." वडिलांना संध्याकाळनंतर दिसायचं नाही. दिवसा ड्रॉइंग बोर्डावर त्यांचा हात पक्का होता, पण उजेड उतरला की जिन्यावर मी त्यांचा दंड धरायचो. कारखान्याच्या दवाखान्यात हे कळलं असतं तर त्यांना ड्रॉइंगवरून काढून कुठेतरी बसवलं असतं. म्हणून घरात आम्ही ते बोलतही नव्हतो. काकांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बघितलं होतं.

आता प्रोजेक्टच्या रिपोर्टबद्दल. कॉलेजने सायक्लोस्टाइल केलेला एक नमुना दिला होता. त्यात एक भाग होता, "सध्याच्या पद्धतीतील उणिवा", आणि खाली सूचना, की किमान सहा मुद्दे लिहावेत. त्या भागाला आठ गुण होते. माझ्याकडे पाच मुद्दे होते. काम सावकाश होतं. बेरजेत चुका होतात. रजिस्टरची एकच प्रत आहे. दोन हस्ताक्षरांमुळे वाचायला अडचण येते. एक माणूस रजेवर गेला की काम अडतं.

न्यू मार्केटमधल्या टायपिस्टकडे मी बसलो होतो. त्याने पाचवा मुद्दा टाइप केला आणि बोटं थांबवून विचारलं, "छठा?"

"रुको भैया।"

"जल्दी सोचो, पीछे तीन थीसिस और पड़ी हैं।"

मी खिशातून कागद काढला आणि सहावा मुद्दा तिथेच लिहिला. इंग्रजीत होता तो, त्याचा अर्थ असा: "रजिस्टरमध्ये पेन्सिलीने केलेल्या निराधार नोंदी आढळतात, त्यामुळे पक्षपाताला वाव राहतो." टायपिस्टने तो वाचलाही नाही. दीड ओळ होती.

"निराधार" हा शब्द मला तेव्हा भारदस्त वाटला. कारणं लिहिलेली वही त्या वेळी माझ्या पिशवीत होती.

नोंदी कार्डांवर न घेण्याचं एक वेळ मी समर्थन करू शकतो. मी नोंदींबद्दल विचारलं तेव्हा सर म्हणाले होते की नियमात नाही ते कार्डात नाही, आणि विद्यार्थी म्हणून मी ते मानलं. ही समज कमी असण्याची गोष्ट झाली. सहाव्या मुद्द्याचं तसं नाही. तो मी माहीत असताना लिहिला.

फेब्रुवारीत यादी लागली. मशीनने छापलेली, रुंद कागदावर, सरळ रेषेत. लोकांनी तिला हात लावून बघितलं. वडिलांच्या ऑफिसातले लोक त्यांना पेढे मागत होते. घरंही यादीप्रमाणेच, वरून खाली, रिकाम्या क्वार्टरच्या नंबरांच्या क्रमाने वाटली गेली. आम्हाला एक टाइप वरचं घर मिळालं, पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. वडील भिंतीला हात लावून, मनात मोजत चढायचे.

समोरच्या ब्लॉकमध्ये ती लकवा झालेली आजी दुसऱ्या मजल्यावर गेली. चार जणांनी तिला खुर्चीत बसवून वर नेलं. मी गॅलरीतून बघत होतो. आजी जोरात म्हणत होती, "अरे धीरे! गिरा दिया तो कम्प्यूटर वाले के सिर पे गिरूँगी!" खालचे सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर मी तिला जिवंत असताना खाली बघितलं नाही.

तक्रारी आल्या. दोन साडू समोरासमोर आले होते, रात्रपाळीवाला मैदानासमोर गेला होता. लोक विचारू लागले की पूर्वी हे जमत होतं, आता का जमत नाही. उत्तर शोधायला साहेबांनी माझा रिपोर्ट उघडला आणि त्यांना सहावा मुद्दा सापडला. निराधार नोंदी. पक्षपात. युनियनने तो मुद्दा उचलला, त्याची नक्कल नोटीस बोर्डावर लागली, आणि प्रोग्रॅमचं राहिलं बाजूला, चौकशी काकांची सुरू झाली.

तीन अधिकारी होते, आणि मलाही बोलावलं होतं. मधे बसलेल्यांची सही माझ्या प्रोजेक्टच्या दाखल्यावर व्हायची होती, आणि त्या दाखल्यावर मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतली माझी नोकरी अवलंबून होती. काका दाराशी खुर्चीवर, रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना नोंदींची कारणं विचारली तर ते म्हणाले, "साहेब, लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत. त्यांनी भरवशानं सांगितल्या, काही मीच बघितल्या. भर मीटिंगीत नाही सांगणार. या पोरानं सगळं विचारून घेतलंय. त्याला एवढंच विचारा, आधार होता का नव्हता."

मधले साहेब माझ्याकडे वळले. "आपने इन नोटों का आधार पूछा था?"

"पूछा था, सर।"

"मिला?"

"संतोषजनक आधार नहीं मिला, सर।"

"कहीं लिखकर रखा है कुछ?"

"मेरी कॉपी में सिर्फ प्रोग्राम का हिसाब है, सर।"

काकांनी मांडीवरचं रजिस्टर मिटलं. मी बाहेर आलो तेव्हा ते व्हरांड्यात सायकलचं कुलूप काढत होते.

"नोकरी लागली म्हणे?"

"हो काका. मुंबईला."

"बरं झालं. मशीन लय शिकवते, बाबू."

त्यांना वाटपावरून काढून टपाल विभागात टाकलं. हेडक्लार्कची बढती होणार होती, ती गेली. कागदावर शिक्षा एवढीच होती. पण टाउनशिप लहान असते. पोरं त्यांना "पेन्सिल बाबू" म्हणायला लागली, आणि मोठी माणसं पोरांना दटावत नव्हती. ज्यांच्या घरी जाऊन त्यांनी नोंदी केल्या होत्या त्यांच्यातलेही काही गप्प बसले; आपलंही नाव पक्षपातात येईल अशी त्यांना भीती वाटली. काका त्याच ग्रेडमध्ये रिटायर झाले. आता ते नाहीत.

मी मुंबईला गेलो आणि चांगलं काम केलं. हे मी ठामपणे सांगतो, कारण त्याचंही श्रेय कुठे द्यायचं ते सांगायचं आहे. बँका, इस्पितळं, वीज मंडळं, सगळीकडे मी सिस्टीम बसवल्या आणि त्या चालल्या. माझ्याहून हुशार लोकांच्या बसल्या नाहीत. फरक इतकाच, की मी कुठेही गेलो तरी पहिल्या दिवशी साहेबाच्या केबिनमध्ये फार वेळ बसायचो नाही. सगळ्यात जुन्या कारकुनाच्या टेबलाशी जायचो आणि काचेखालच्या चिठ्ठ्या बघायचो. कॅलेंडरच्या मागे काय लिहिलंय ते विचारायचो. इस्पितळातली एक नर्स खाटांच्या नंबरांपुढे टिकल्या चिकटवायची. त्या टिकल्यांचा अर्थ कळायला मला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांनी पुढचे सहा महिने वाचवले.

अभ्यासक्रम आता खूप बदलला आहे. मुलं माझ्या वेळेपेक्षा दहा पटीने अधिक जाणतात, आणि कोड तर आता मशीनच लिहून देतं. त्याची मला भीती वाटत नाही. पण मुलांचे रिपोर्ट मी अजून तपासतो, आणि "सध्याच्या पद्धतीतील उणिवा" हा भाग त्यात अजून आहे. तो वाचला की कळतं, हे मूल कोणाच्या टेबलाशी बसलं होतं की नुसते मुद्दे भरत होतं. ज्यांना आपण बदलायला जातो त्यांच्या कामाला नावं ठेवल्याशिवाय आपलं काम मोठं दिसत नाही, असं आम्ही मुलांना पहिल्या वर्षापासून शिकवतो. माझं स्पष्ट मत आहे की हा भाग काढून टाकावा, किंवा त्याच्या आधी "सध्याच्या पद्धतीला काय जमतं" असा भाग सक्तीचा करावा.

काकांकडून शिकलेली ही विद्या मी आयुष्यभर विकली आणि सांगताना गोष्ट उलटी केली. माझ्या गोष्टीतला विद्यार्थी आधी अजाण असतो आणि नंतर शहाणा होतो. खरा विद्यार्थी नोव्हेंबरातच शहाणा झाला होता.

कॉलेजातल्या त्या मुलीच्या प्रश्नानंतर तीन आठवड्यांनी मी काकांच्या मुलीकडे गेलो. चौकशीच्या वेळी ती नववीत होती. आता शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झाली आहे आणि करोंदला राहते, धान्याच्या मंडीमागच्या कॉलनीत. मंडीचा दिवस होता, ट्रॅक्टरमागे रिक्षा अडकून पडली, अर्धा तास उशीर झाला. दार तिनेच उघडलं.

"या दादा. बाग सेवनियाहून इतक्या लांब? फोनवर बोललो असतो."

"फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. तुमच्याशी..."

"अहो, 'तू'च म्हणा. माझ्या वेण्या ओढलेल्या आहेत तुम्ही."

मी वही तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. टायपिस्टपासून चौकशीपर्यंत. ती ऐकत वहीची पानं उलटत राहिली. आपल्या वडिलांनी सांगितलेली कारणं माझ्या अक्षरात वाचत होती. माझं बोलणं संपत आलं तेव्हा मी ते वाक्य बोललो, जे इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो.

"माझ्या वडिलांचीही नोंद त्यात होती. वही मागितली असती तर त्यांच्या डोळ्यांचं उघड झालं असतं. त्यांची नोकरी गेली असती. म्हणून मी..."

"किती नोंदी होत्या म्हणालात?"

"सत्तेचाळीस."

"त्यातली तुमच्या बाबांची एक."

"हो."

"मग सेहेचाळीस राहिल्या."

तिने वहीचं आणखी एक पान उलटलं.

"आणि माझ्या बाबांनी तुम्हाला कारणं कुठे विचारायला सांगितली होती, दादा? आधार होता का नव्हता, एवढंच तर विचारा म्हणाले होते."

इतकी साधी वजाबाकी. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशोबातल्या चुका काढल्या, आणि ही मला कधी सुचली नव्हती. खरं म्हणजे सुचू दिली नव्हती. मला दाखला हवा होता, नोकरी हवी होती, आणि आपणच लिहिलेलं वाक्य साहेबांसमोर खोटं ठरू द्यायचं नव्हतं. वडिलांना मी त्यात नंतर आणून बसवलं.

तिने चहा केला. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला निघून जायला सांगेल. तिने बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि म्हणाली, "माफी बिफी मला मागू नका. मी माफ करून काय होणार? बाबांना लोकांनी पेन्सिल बाबू म्हटलं ते बोर्डावर लागलेल्या कागदामुळे. तुम्हीही कागदावरच लिहा."

"कुठे लिहू?"

"मराठी मंडळाचा अंक निघतो ना दरवर्षी. टाउनशिपची जी काय म्हातारी माणसं उरलीत ती सगळी वाचतात. डोळे नसले तर सुनेकडून वाचून घेतात. त्यात लिहा."

"लिहितो."

"पण बाबांचं नाव घालू नका. त्यांचं नाव घ्यायला लोकांनी आधी तुमचं वाक्य विसरायला हवं. आणि चूक झाली असं लिहू नका. चूक शाळेतल्या पोरांची होते. तुम्हाला येत होतं."

म्हणून हे लिहिलं. नाव कुठेच घातलं नाही, माझंही नाही. टाउनशिपची माणसं दोघांनाही ओळखतील. चौकशीत मला विचारलं होतं की नोंदींना आधार मिळाला का. त्याचं उत्तर असं आहे: हो. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस नोंदींना आधार होता. मी स्वतः विचारून, लिहून घेतला होता, आणि उत्तर देताना तो मला पूर्ण आठवत होता. रजिस्टर ठेवणाऱ्या माणसाने कोणालाही पाळी सोडून घर दिलं नाही. माझ्या रिपोर्टातला सहावा मुद्दा खोटा आहे.

अंकाकडे पाठवण्याआधी हा मजकूर मी तिला फोनवर वाचून दाखवला. तिने दोन जागी थांबवलं. एका जागी मी तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा होतो असं लिहिलं होतं, ते तिने काढायला लावलं. दुसऱ्या जागी तिचे माझ्यावर फार उपकार झाल्यासारखं काहीतरी होतं, तेही गेलं.

मी विचारलं, "सगळीकडे 'काका' म्हटलंय. ते राहू दे का?"

मागे तिच्या कुकरची शिट्टी झाली.

"राहू द्या," ती म्हणाली. "तेव्हाही म्हणत होतातच."